पंधरा दिवसांचे सेल

मास्तरांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा माझ्याकडे न बघताच त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि म्हणाले, "बाजू सुरू हाय."

मला वाटलं, दुकानाची एक बाजू सुरू आहे आणि एक बंद. मी मुकाट्याने दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथल्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सरकून जागा दिली आणि समजावलं, "बसा बाई. कॅसेटची बाजू सुरू हाय. संपली का बोलते तो." धानोऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात माझी नुकतीच बदली झाली होती. सामान एस.टी. स्टँडजवळच्या पानठेल्यात ठेवलं होतं आणि टेलरमास्तरांकडे मागची खोली रिकामी आहे, एवढ्या माहितीवर मी आले होते. वीस मिनिटं त्या बाकावर बसून राहिले. फळीवरच्या टेपरेकॉर्डरमधून कोणीतरी म्हातारी बाई खोल, भरदार आवाजात बागेश्री गात होती आणि मास्तर तिच्या लयीत पायाने मशीन चालवत होते. खट्‌ करून कॅसेट थांबली, तसा मास्तरांचा पायही थांबला.

"बोला बाई, काय शिवाचं हाय?"

"शिवायचं काही नाही. खोली पाहिजे होती."

"मंग आधी सांगाचं ना," मास्तर म्हणाले.

या माणसाकडे मी पुढे पाच वर्षं भाड्याने राहिले आणि या पाच वर्षांत त्यांच्याशी माझं रोज एकदा तरी भांडण झालं. मी वरोऱ्याची. गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या, स्वतःची पेटी बाळगणारी, आणि दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढण्याची सवय लहानपणापासूनची. मास्तरांना गाण्यातलं शास्त्र ओ की ठो कळत नव्हतं आणि ते न कळण्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, कॉलरला कायम एक सुई टोचलेली. एक टेप गळ्यात आणि एक टेप फळीवर. गळ्यातला टेप ईदच्या दिवशीही उतरत नसे. नव्या कुडत्यावर तोही असे.

गाण्याची लांबी ते मिनिटांत कधी सांगत नसत. "या बाजूत एक पायजामा निघते, नेफ्यासकट," असं त्यांचं माप. एका बुवांच्या कॅसेटबद्दल ते म्हणाले होते, "गाते चांगला, पन अस्तराचा ब्लाउज अर्धाच होते." ठुमरी काज-बटनाला, कव्वाली पॅन्टच्या लांब शिलाईला, भजन तुरपाईला. कपडा कापताना मात्र दुकानात संपूर्ण शांतता. का, तर "कैची गाण्याच्या मांगं जाते." एकदा म्हणे कटिंग चालू असताना एक लांबलचक तान आली आणि कात्री तिच्यामागे गेली ती थेट बाहीच्या पार. तो शर्ट ज्याचा होता तो माणूस पुढे कित्येक वर्षं एक बाही दुमडून फिरत असे आणि कोणी विचारलं तर अभिमानाने सांगत असे की हे गाण्याने कापलंय.

पण मास्तरांचं खरं वेड गाण्याचं नव्हतंच, टेपरेकॉर्डरच्या सेलचं होतं.

घरात वीज होती. टेपरेकॉर्डरला वायरही होती. पण मास्तर विजेवर गाणं ऐकत नसत. "करंटचं गाणं मले जमत नाई. मधातच करंट जाते, गानाऱ्याच्या तोंडावर कोनी हात ठेवल्यासारकं होते." धानोऱ्यात वीज जितक्या वेळा जायची ते पाहता हे म्हणणं रास्तच होतं. पुढचं मात्र अचाट होतं. नवे सेल घातले की आवाज कच्चा येतो, असं त्यांचं ठाम मत. "आंबा तोडला का तसाच खाते का कोनी? पिकू द्या लागते. सेलही पिकू द्या लागते." म्हणून नव्या सेलवर फक्त कव्वाल्या आणि सिनेमाची गाणी वाजत. आठ दिवसांनी गझलांचा नंबर. आणि पंधरा दिवस झाले, सेल पुरते मऊ झाले, की मग बुढी. बुढी म्हणजे तीच, मी पहिल्या दिवशी ऐकलेली बागेश्रीवाली. मधूनमधून ते सेल उन्हाला टाकत. चाची, म्हणजे मास्तरांची बायको, अंगणात चिंच वाळत घालायच्या आणि चिंचेच्या शेजारी खाटेवर हे सेल ओळीने मांडलेले असत. प्रत्येकावर शिंप्याच्या खडूने दिवस लिहिलेले: आठ, अकरा, पंधरा.

मी हसले असेन, असं तुम्हाला वाटेल. पहिला महिनाभर हसले. मग मलाही पटायला लागलं. पंधरा दिवसांच्या सेलवर बुढी खरोखरच काय गायची म्हणून सांगू. एकेका सुरावर अशी बसायची की उठायची घाईच नाही.

बुढी त्यांच्याकडे आली तीही शिवणकामातूनच. एका ट्रक ड्रायव्हरने कंबर आत घ्यायला पॅन्ट टाकली होती, तिच्या खिशात ही कॅसेट निघाली. डबी नाही, कव्हर नाही, घासलेल्या लेबलवर गायिकेचं नाव आणि रागाचं नाव कसंबसं वाचता येणारं. ड्रायव्हर परत आला नाही. मास्तरांनी कॅसेट चौदा वर्षं ऐकली आणि पॅन्ट चौदा वर्षं इस्त्री करून खुंटीला ठेवली. "आला तं दोन्ही नेईन," म्हणायचे, आणि ड्रायव्हरसारखा कोणी रस्त्याने दिसला की दुकानाच्या आत सरकायचे.

चाची म्हणायच्या, "या घरात बुढी मी झालो अना नाव तिले भेटलं."

माझ्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता आणि टेलिफोन खात्यात असल्याने लाइन होती. पुण्यात गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीने मला ई-मेलवरच्या एका गटात ओढलं. गाण्याचे वेडे लोक होते सगळे, मुंबई-पुण्याचे, नाशिकचे, काही परदेशातले. दर रविवारी एकाने आपल्या आवडत्या अल्बमबद्दल लिहायचं आणि आठवडाभर बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. आमच्या लाइनीवर एक गाणं उतरवून घ्यायला अर्धा दिवस गेला असता, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त पत्रं यायची. मराठी, पण रोमन लिपीत. मी ती कागदावर उतरवून दुकानात वाचून दाखवायची.

"आल्बम म्हंजे लग्नाचा?" मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "तो अनोळखी लोकायले काऊन दाखवाचा?"

अल्बम म्हणजे काय ते कळल्यावर मात्र मास्तर गटाला असे चिकटले की पत्र वाचायला मी उशीर केला तर ते खोलीचं दार ठोठावायचे. गट चालवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी एका अल्बमच्या आध्यात्मिक उंचीबद्दल दोन पानं लिहिली होती. मास्तरांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "त्याले इचारा, हे आयकताना हात काय करत होते?"

मी तसंच लिहून पाठवलं, धानोऱ्याचे मास्तर विचारतात म्हणून. गटात एकदम जान आली. ठाण्याच्या एका बाईंनी कबूल केलं की त्या मटार सोलत होत्या. अमेरिकेतला एक इंजिनियर इस्त्री करत होता. पुण्याच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे कळवलं की ते डाव्या हाताने पाय खाजवत होते. तेव्हापासून गटात रीतच पडली: अल्बमबद्दल लिहिताना हात काय करत होते तेही लिहायचं. मास्तरांना लोक नावाने ओळखायला लागले. फक्त नाशिकचे एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते, त्यांनी लिहिलं, "माझे हात मांडीवर होते. गाणं ऐकताना दुसरं काहीही करू नये." डॉक्टर गटातले सगळ्यात जाणकार, आणि चुकीची माहिती कोणी लिहिली की दात उपटावा तशी उपटायचे.

"मानूस बराबर हाय," मास्तर म्हणाले. "पन त्याचं काम झालं, माहं बाकी हाय." आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांना ते 'आमचे नाशिकचे डाक्टर' असं सांगायला लागले. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तरांचे दात दुखतात.

मग मास्तरांची पाळी आली.

रविवारच्या आधी महिनाभर त्यांनी तयारी केली. कुठला अल्बम, हा प्रश्नच नव्हता. मजकूर सांगायच्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, धुतलेला कुडता घातला, मशीनवर कापड टाकलं आणि माझ्यासमोर खुर्चीवर ताठ बसले.

"लिवा. पैले लिवा, पंधरा दिवसाच्या सेलवर आयकलं."

"हे कशाला मास्तर?"

"वा! कोन्या सेलवर आयकलं ते नको सांगाले?"

मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. खरं सांगते, मला लाज वाटली. पुण्या-मुंबईचे लोक हसतील, आमच्या मास्तरांना येडपट समजतील, असं वाटलं. आणि त्याहून खरं म्हणजे मलाही येडपट समजतील, असं वाटलं. बाकीचा मजकूर मात्र मी उतरवला. मास्तर म्हणत होते, की ही बाई साठीच्या पुढची आहे. घरात सून आल्यावर सासू जशी निवांत बसते, तशी गाते. तिला आता कोणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही. तिच्या एका बाजूत माझं एक अख्खं कमीज शिवून होतं, कॉलरसकट, आणि त्या कमीजाची शिलाई कधी उसवत नाही. त्यात मी माझ्या शहाणपणाची भर घातली. पेटी काढून बुढीच्या आवाजाला लावली आणि खाली लिहिलं, 'स्वर काळी तीन.' मला फार अभिमान वाटला त्या ओळीचा.

दोन दिवसांनी नाशिकच्या डॉक्टरांचं उत्तर आलं.

त्यांनी लिहिलं होतं, "या गायिकेला मी समोर बसून तीनदा ऐकलं आहे. त्यांचा स्वर काळी पाच होता, काळी तीन कधीही नव्हता. आवाज पातळ, धारदार, आणि चाल विजेची. हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. एकोणतिसाव्या वर्षी त्या गेल्या. साठीचा आवाज आणि सुनेच्या हाती घर सोपवलेली सासू हे मास्तरांनी कुठे ऐकलं? माझी खात्री आहे, त्यांनी ही कॅसेट ऐकलेलीच नाही. ऐकली असेल तर एक बाजू किती मिनिटांची आहे, एवढंच त्यांनी सांगावं."

त्याखाली गट चालवणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांचं पत्र होतं. गटाचा एकच कडक नियम होता: न ऐकलेल्या गाण्याबद्दल लिहायचं नाही. मास्तरांनी रविवारपर्यंत खुलासा करावा, नाहीतर नाइलाजाने नाव कमी करावं लागेल.

मी चिडले. माझ्या मास्तरांना खोटारडं म्हणतात म्हणजे काय? हातात घड्याळ घेऊन दुकानात गेले. योगायोगाने बुढीच लागणार होती. मास्तरांना कळू न देता बाकावर बसून बाजू मोजली. अडतीस मिनिटं. आता डॉक्टरांच्या तोंडावर मारते म्हणून उठले, आणि सहज कॅसेट हातात घेतली. तिच्या कोपऱ्यात प्लास्टिकमध्येच कोरलेला आकडा होता, साठ.

साठ म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं. एक बाजू तीस.

तीस मिनिटांची फीत अडतीस मिनिटं कशी चालेल? मी पुन्हा बाकावर बसले. सेल थकले की मोटर मंदावते, मोटर मंदावली की गाणं लांबतं आणि आवाज खाली उतरतो, काळी पाचचा काळी तीन होतो. चार परीक्षा दिलेल्या मला एवढं कळू नये? मास्तरांची बुढी कुठेच नव्हती. एक सव्वीस वर्षांची मुलगी थकलेल्या सेलवर चौदा वर्षं म्हातारी होऊन गात होती. आणि ज्या एका ओळीने हे सगळं डॉक्टरांना एका क्षणात कळलं असतं, ती ओळ मी कापली होती.

"डाक्टरसाहेबाचं काही आलं का?" मास्तरांनी विचारलं.

"लाइन खराब आहे," मी म्हणाले. टेलिफोनवाल्याने लाइन खराब आहे म्हटलं की त्यावर कोणीच शंका घेत नाही. दोन दिवस मी या एका वाक्यावर काढले. मास्तर रोज विचारत आणि रोज टेलिफोनच्या खांबांना शिव्या देत. खरं सांगितलं तर त्यांची बुढी जाणार होती, नाही सांगितलं तर त्यांची अब्रू.

तिसऱ्या दिवशी मी अंगणात चाचींजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. चाची तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "ते पोरगी हाय, हे मले ठाऊक हाय."

"तुम्हाले कसं ठाऊक?"

"तो दोरे आनाले गडचिरोलीले गेला का मी करंटवर लावतो. फटाफट गाते. मनभर तांदूळ निवडून होते."

"मग त्याइले सांगितलं काऊन नाही?"

"सांगून काय करू? त्याची बुढी त्याले, माही पोरगी मले." मग त्यांनी सूप ठेवलं. "पन आता सांगा लागते बाई. तो खोटं बोलत नाई. दुसरं काही म्हना त्याले, ते नको."

मी चार नवे सेल आणले आणि दुकानात गेले. मास्तर कमीज शिवायला बसले होते.

"कच्चे हायेत," सेल बघून ते म्हणाले. "बुढीले कच्चे नाई चालत."

"एकदा ऐका मास्तर. माझ्यासाठी."

त्यांनी नाराजीने सेल बदलले आणि कळ दाबली. ती मुलगी गायला लागली. मास्तरांचे पाय सवयीने हलले, तिला गाठायला धावले, मशीन खडखडलं आणि दोरा तुटला. त्यांनी तो ओवला. पुन्हा तुटला. मग पाय काढून घेतले आणि टेपरेकॉर्डरकडे बघत राहिले.

"हे तिची पोरगी असंन," ते शेवटी म्हणाले.

"नाही मास्तर. हीच ती. तिला पोरगी नव्हती. ती एकोणतिसाव्या वर्षी गेली." आणि मग मी सगळं सांगितलं, मोटरचं, मिनिटांचं, डॉक्टरांचं, रविवारचं. शेवटी हेही सांगितलं की सेलची ओळ मी लिहिलीच नव्हती. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "कापड माहं होतं, कैची तुमची." एवढंच. माझ्या आयुष्यात कोणी मला याहून जास्त झोंबेल असं बोललेलं नाही.

दोन दिवस दुकानात गाणं वाजलं नाही. गिऱ्हाइकं दारातूनच हळू आवाजात विचारायची, कोणी गेलं का म्हणून. चाची म्हणायच्या, "हो, सोयऱ्यातली एक बाई गेली." मास्तर काम करत होते, पण नुसतं कटिंगच, मशीनला पाय लावत नव्हते. मला वाटलं, मी एका म्हाताऱ्या माणसाच्या घरातून त्याची सोबत उचलून नेली.

शनिवारी सकाळी ते माझ्या दारात आले. धुतलेला कुडता नव्हता, आंघोळही झाली नसावी.

"लिवा बाई. अना या टायमाले कैची घरी ठेवा."

मी एक अक्षर कापलं नाही. आजही ते पत्र मला पाठ आहे.

"सगळ्यायले सलाम. पैले सेलचं सांगतो. मी त्या बाईले पंधरा दिवसाच्या सेलवर आयकत होतो, ते लिवाचं राह्यलं. त्याच्यानं आवाज उतरते, हे मले मालूम नोहोतं. डाक्टरसाहेब बराबर हायेत. नव्या सेलवर मी आयकलं. ते पोरगी हाय अना लय घाईत हाय. काऊन घाईत हाय ते आता समजलं, तिच्यापाशी टाइम कमी होता. पन एक गोष्ट सांगतो. तुमच्या सगळ्याइच्या इथी ते एकोनतीस सालाची असतानाच मेली. माह्या इथी नाई मेली. माह्या इथी ते म्हातारी झाली. चौदा साल मी तिले म्हातारी आयकून राह्यलो, रोज एक कमीज. मी गलत आयकलं असंन, खोटं नाई बोललो. नाव काढाचं असंन तं काढा, पन खोटारडा म्हनून नोका काढू. आयकताना माहे हात शिवत होते."

रविवारी गटावर एकही पत्र आलं नाही. सोमवारी पुण्याच्या गृहस्थांनी कळवलं की मास्तरांचं नाव काढण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि माफी मागितली. मग पत्रांचा नुसता पूर आला. ठाण्याच्या बाईंनी लिहिलं की त्यांनी टी.व्ही.च्या रिमोटमधले जुने सेल काढून बघितले, पण ते बारीक निघाले. अमेरिकेतल्या इंजिनियरने विचारलं, सेल उन्हात किती वेळ ठेवायचे, आणि तिकडे बर्फ पडत असेल तर काय करायचं. मास्तरांनी कळवलं, चुलीपाशी ठेवा पण चुलीत नको. दुकानात गाणं पुन्हा सुरू झालं. फळीवर आता दोन ओळी लागल्या, एक नव्या सेलची आणि एक पिकलेल्या सेलची. त्यामुळे पोरगी आणि बुढी दोघीही नांदायला लागल्या. चाचींनी जाहीर केलं की आता त्या उघडपणे तांदूळ निवडणार.

नाशिकच्या डॉक्टरांचं मात्र एक अक्षर आलं नाही. मास्तर रोज विचारत. मी म्हणे, लाइन चांगली आहे, पत्रच नाही. "रागावला असंन," मास्तर म्हणायचे आणि उदास व्हायचे. बाकी सगळे एकीकडे आणि डॉक्टर एकीकडे. त्यांनी मान्य केल्याशिवाय मास्तरांना चैन नव्हती. महिना गेला.

आणि थंडीतल्या एका दुपारी गडचिरोलीच्या एस.टी.तून एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले आणि विचारत विचारत दुकानात आले. हातात लहानशी बॅग, गळ्याला मफलर. सत्तरीचे असतील. दारात उभे राहून म्हणाले, "मी नाशिकचा. दातांचा डॉक्टर."

मास्तर असे गडबडले की त्यांनी आधी डॉक्टरांच्या खांद्याचं माप घेतलं. मग चाचींनी पाणी आणलं, चहा आणला, जेवायचा आग्रह केला. डॉक्टरांनी सवयीने चाचींच्या दाढेबद्दल दोन शब्द सांगितले आणि म्हणाले, "जेवतो, पण आधी तेवढं ऐकवा." एवढ्या लांबून ते कशासाठी आले होते हे कोणी विचारलं नाही.

मास्तरांनी पंधरा लिहिलेले सेल घातले. त्या दिवशी ते मशीनवर बसले नाहीत, डॉक्टरांच्या शेजारी बाकावर बसले. बुढी गायला लागली, सावकाश, एकेका सुरावर बूड टेकवत. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. पहिल्या दोन-चार मिनिटांत त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या, चुकीचं ऐकताना जाणकाराला पडतात तशा. मग त्या कधी गेल्या मला कळलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, आमच्याकडे पाहून तेही गुपचूप खाली बसलं. मला सारखं वाटत होतं, आता हे उठून म्हणतील, मास्तर, हे सगळं खोटं आहे.

बाजू संपली. डॉक्टरांनी मफलरने डोळे पुसले.

"मी बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत बसायचो. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. मग मी म्हातारा होत गेलो आणि ती तिथेच राहिली, सव्वीसला. आता तर मला ती नातीसारखी वाटायला लागली होती." त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्तर, जगली असती तर अशीच झाली असती ती."